स्वयंपाकघरातले मुख्य अभियंता

लोकशाहीत प्रत्येक नागरिकाला आपले गाऱ्हाणे मांडण्याचा अधिकार असतो, आणि मांडलेले गाऱ्हाणे कोणीतरी ऐकून घ्यावे हाही त्याचा अधिकार असतो. ते गाऱ्हाणे दूर व्हावे, असा अधिकार मात्र कोणी कोणाला दिल्याचे ऐकिवात नाही. नियम करणारी माणसे विचारी होती. गाऱ्हाणी दूर झाली तर ती मांडायला माणसे येणार नाहीत, माणसे आली नाहीत तर ऐकणारा लागणार नाही, आणि ऐकणाराच लागत नाही म्हटल्यावर निवडणुका कशासाठी घ्यायच्या, हा पेच त्यांच्या लक्षात आला असणार. ज्या आमदारांची ही हकीकत आहे, त्यांना हे सगळे कोणतेही पुस्तक न वाचता उमगले होते. (त्यांनी पुस्तक वाचलेले नाही याबद्दल त्यांच्या विरोधकांनाही शंका नाही.)

राजकारणात येण्यापूर्वी आमदारांचे बाजारपेठेत मोटारी भरण्याचे दुकान होते. विहिरीवरची मोटार जळाली की शेतकरी ती गाडीत घालून त्यांच्याकडे आणायचा. जळालेली तार काढून नवी गुंडाळून द्यायची, असे ते काम. हंगामात मोटारींची रांग दुकानाबाहेर रस्त्यापर्यंत जायची आणि प्रत्येक मोटारीमागे एक तापलेला शेतकरी उभा असायचा. तिथे आमदारांना आयुष्यातला मोठा शोध लागला. मोटार दुरुस्त झाली की शेतकरी शांत होतो, हे कोणीही सांगेल. पण मोटारीवर नुसता हात ठेवून, डोळे मिटून "बघतो" म्हटले तरी तो तितकाच शांत होतो, आणि यात तारेचा खर्च नाही. काही वर्षांतच दुकानात भरलेल्या मोटारी कमी आणि हात ठेवलेल्या मोटारी जास्त झाल्या. गिऱ्हाईक मात्र एकही तुटले नाही. उलट ज्याची मोटार पडून आहे तो रोज येई, चौकशी करी, चहा घेऊन जाई. अशा रीतीने जिल्ह्यातल्या बहुतेक शेतकऱ्यांशी त्यांचा दाट परिचय झाला.

जिल्ह्यात तेव्हा दोनच माणसांना विचारले जाई: बाजार समितीचे सभापती आणि दूध संघाचे अध्यक्ष. दोघांमध्ये विळ्या-भोपळ्याचे सख्य. सभापती उभे राहिले तर अध्यक्ष त्यांना पाडणार आणि अध्यक्ष उभे राहिले तर सभापती त्यांना पाडणार, हे पोरासोरांनाही ठाऊक होते. शेवटी दोघांनाही चालेल असा तिसरा शोधायचे ठरले. हुशार माणूस सभापतींना नको होता, कामसू माणूस अध्यक्षांना नको होता, आणि हे दोन्ही दोष नसलेला, पण सगळ्यांना ओळखणारा असा एकच उमेदवार जिल्ह्यात निघाला. शिवाय सभापतींची एक आणि अध्यक्षांच्या दोन मोटारी त्या वेळी त्याच्या दुकानात अडकलेल्या होत्या, त्यामुळे त्याला दुखवणे कोणालाच परवडणारे नव्हते. तो भरघोस मतांनी निवडून आला. (मोटारी अजून मिळालेल्या नाहीत.)

सभागृहातली त्यांची कारकीर्द निष्कलंक आहे. पहिल्या दोन कार्यकाळांत त्यांनी एकंदर चार वेळा तोंड उघडले, त्यांपैकी तीन जांभया होत्या. चौथ्या वेळी ते "पंखा" असे म्हणाले आणि पंखा तत्काळ हळू करण्यात आला. सदस्याने मागणी करावी आणि ती त्याच बैठकीत पूर्ण व्हावी, असे दुसरे उदाहरण जुन्याजाणत्यांनाही आठवत नाही. मतदानाच्या वेळी ते पुढच्या रांगेतल्या सदस्याकडे पाहून हात वर करीत. एकदा त्या सदस्याने डोके खाजवले आणि आमदारांचे मत भलत्याच विधेयकाला पडले. ते विधेयक पुढे शेतकऱ्यांच्या हिताचे निघाले, आणि त्याचे श्रेय त्यांनी मोठ्या मनाने स्वीकारले.

पण आमदाराची खरी परीक्षा सभागृहात होत नाही, घरच्या बैठकीच्या खोलीत होते. ही खोली एकदा पाहण्यासारखी आहे. भिंतीला लागून प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मधे टॉवेल अंथरलेला सोफा, काचेच्या कपाटात सत्कारांत मिळालेली स्मृतिचिन्हे, आणि समोर कार्यकर्त्यांनी भेट दिलेले घड्याळ. घड्याळाच्या तबकडीवर आमदारांचाच फोटो आहे. सव्वानऊ वाजता दोन्ही काटे आडवे होतात आणि फोटोला उत्तम मिशी येते. (एरवी त्यांना मिशी नाही.) सकाळी खुर्च्या भरतात, चहा फिरतो, आणि एकेक जण सोफ्याच्या टोकावर येऊन आपले गाऱ्हाणे सांगतो. आमदार ते पूर्ण ऐकतात, "असं कसं करतात हे लोक?" असे म्हणतात आणि मग खिशातून फोन काढतात. हा फोन म्हणजे या साऱ्या विधीचा गाभा. गाऱ्हाणे घेऊन गेलेला माणूस घरी परतला की त्याला काम झाले का, असे कोणी विचारत नाही. साहेबांनी तुमच्या समोर फोन लावला का, असे विचारतात.

सुरुवातीला आमदार खरेच फोन लावीत. त्यात अननुभव होता. एक अधिकारी बैठकीत असायचा, दुसरा दौऱ्यावर असायचा आणि तिसरा, म्हणजे पाटबंधारे खात्याचा मुख्य अभियंता, फोन उचलायचा. उचलायचा तिथेच घोटाळा होई. हा अभियंता विचारी, कालव्याचा कितवा किलोमीटर? कोणता दरवाजा? पाणी किती दिवसांपासून नाही? आमदारांना यातले काहीच सांगता येत नसे, आणि अभियंता मग समजावून सांगू लागे. एकदा आपल्या आमदाराची अशी शिकवणी चाललेली पाहून समोरच्या गृहस्थाने शरमेने मान खाली घातली आणि चहा अर्धा टाकून तो निघून गेला. आमदारांना त्या दिवशी जेवण गेले नाही.

यातून सुटका झाली ती एका चुकीमुळे. आमदारांनी फोनमध्ये बायकोचा नंबर, जुन्या वळणाच्या माणसाने ठेवावा तसा, 'मंडळी' या नावाने ठेवला होता. त्याच्याच खाली 'मुख्य अभियंता' होता. आयुष्यभर तार गुंडाळून आमदारांचे अंगठे जाड झालेले आहेत. एके सकाळी चार माणसांसमोर त्यांनी अभियंत्याला फोन लावला आणि तो आतल्या स्वयंपाकघरात वाजला.

"काय हवंय?" पलीकडून आवाज आला.

आवाज ओळखीचा होता. पण चार माणसे टक लावून बघत होती, आणि आता मागे फिरणे म्हणजे फजिती.

"नमस्कार साहेब. आमच्या माणसाचं पाणी अडलंय."

"कोण साहेब? अहो, मी बोलतेय. डोकं ठिकाणावर आहे ना?"

"आहेत ना. समोरच बसलेत."

"मी कणीक मळतेय. हात बरबटलेत माझे."

"तेच म्हणतो. आपण हात घातल्याशिवाय हे व्हायचं नाही."

"ठेवते मी."

"उपकार झाले, साहेब."

समोरचा माणूस डोळे पुसत उठला. अधिकाऱ्याने एकदाही उलट विचारले नाही, साहेबांचा केवढा वचक आहे, असे तो बाहेर जाऊन सांगू लागला. आमदारांनी कपाळावरचा घाम पुसला आणि पुढच्या माणसासाठी पुन्हा 'मंडळी'चेच बटण दाबले.

वहिनी (जिल्ह्यात त्यांना सगळे वहिनीच म्हणतात, म्हणून आपणही तसेच म्हणू) पहिले आठ दिवस चिडल्या. मग त्यांच्या लक्षात आले की, चारचौघांत फोनवर असताना नवऱ्याला नाही म्हणता येत नाही. "स्वयंपाकाचा ओटा नवीन करायचाय," असे त्या म्हणत आणि बाहेरच्या खोलीत आमदार ठणकावून सांगत, "करायलाच पाहिजे, ताबडतोब करा!" "उद्यापासून मी आठ दिवस बहिणीकडे जातेय," यावर "मंजूर!" असे उत्तर येई आणि खुर्च्यांवरची माणसे एकमेकांना कोपराने डिवचत. अशा रीतीने घराची आणि मतदारसंघाची कामे एकाच फोनवर मार्गी लागू लागली. वहिनींकडे कालांतराने पोलीस अधीक्षक, वीज मंडळाचे कार्यकारी अभियंता, शिक्षणाधिकारी आणि गरजेनुसार मंत्री, अशा पदांचा अतिरिक्त कार्यभारही सोपवण्यात आला. (पगार एकाही पदाचा नाही.) दोन निवडणुका या व्यवस्थेवर निर्विघ्न पार पडल्या.

कालव्यावर एकंदर बारा गावे आहेत. बाराव्या गावाची एक आजी दर महिन्याला येई. कालव्याला ठरल्या वेळी पाणी सोडतात, त्याला आवर्तन म्हणतात. तर आवर्तन कधीही असो, तिच्या गावात कालवा कोरडाच. तिथे त्याचा उपयोग धान्य वाळवण्यासाठी होई. आजीची जमीन थोडी होती, त्यात ती भाजीपाला लावी आणि विहिरीला पाणी असेपर्यंत तो जगे. दर महिन्याला ती सोफ्याच्या टोकावर बसून हेच सांगायची, आमदार दर महिन्याला मुख्य अभियंत्याला हात जोडून विनंती करायचे, आणि आजी दर महिन्याला त्यांना आशीर्वाद देऊन जायची.

एकदा उन्हाची ती पाणी मागायला स्वयंपाकघरात गेली. वहिनींच्या हातचे पाणी पिऊन तिने त्यांचा हात धरला.

"बाई, तुझा नवरा देवमाणूस आहे गं. एवढा मोठा माणूस, माझ्यासाठी हात जोडतो. तो इंजिनिअरच मेला नासका. त्याला पाझर म्हणून फुटत नाही. बघ तू, त्याच्या घरी शिजलेलं त्याच्या अंगी लागायचं नाही. माझ्या रोपांनी माना टाकल्यात, तशीच त्याच्या घरावर वेळ येईल."

वहिनींनी मुख्य अभियंता या नात्याने हे सगळे मुकाट्याने ऐकून घेतले. आजी गेल्यावर त्या बराच वेळ शेगडीपुढे नुसत्याच उभ्या राहिल्या. भाजी लागली. मग त्यांनी हात पुसले आणि पाटबंधारे खात्याच्या खऱ्या मुख्य अभियंत्याला फोन लावला.

"आमदारांच्या घरून बोलतेय."

"कोणाची बदली?" अभियंत्याने सवयीने विचारले.

"बदली नाही. पाणी."

अभियंत्याच्या निवृत्तीला थोडेच दिवस राहिले होते, आणि आमदारांच्या घरून पाण्यासाठी आलेला फोन तो कित्येक वर्षांत प्रथमच ऐकत होता. त्याने कितवा किलोमीटर, असे विचारले. वहिनींनी शेवटचा, असे सांगितले. दुसऱ्याच दिवशी तो जीप घेऊन स्वतः कालव्यावर गेला.

त्याला जे आढळले ते असे. धरणातून पाणी दर वेळी पूर्ण सोडले जात होते. पण पहिल्या गावापासून अकराव्या गावापर्यंत कालव्यात लोकांनी पाईप टाकले होते. सभापतींचा पाईप मांडीएवढा होता. अध्यक्षांचा त्याहून बोटभर जाड होता (सभापतींचा मोजून मगच घेतलेला). बाकीचे मनगटाएवढे पाईप सर्वसामान्य जनतेचे होते. यातले बहुतेक लोक पाणी पुरत नाही म्हणून आमदारांकडे गाऱ्हाणे मांडून आलेले होते, काही जण तर दोनदा. आमदारांच्या शेताशेजारीही एक पाईप होता. तो मध्यम होता, कोणाच्या डोळ्यांवर येऊ नये इतपत. आमदारांना यातले काहीच नवीन नव्हते. त्या पाईपांवरच्या निम्म्या मोटारी त्यांच्या दुकानातून हात फिरून गेल्या होत्या, आणि कोणती कोणाची हे ते नुसत्या आवाजावरून सांगू शकत.

अभियंत्याने पोलीस घेऊन एका आवर्तनापुरते सगळे पाईप वर काढले. पाणी बाराव्या गावात पोचले. वर्तमानपत्राचा माणूस फोटो काढणार होता म्हणून आमदारही तिथे गेले. आजीने त्यांचा हात धरून त्यांना कालव्यात उतरवले, विजारीसकट. सांगायला संकोच वाटतो, पण आमदारांना तेव्हा आनंद झाला. नवी भरलेली मोटार बटण दाबताच घरघरून फिरते, तेव्हा व्हायचा तसा तो आनंद होता आणि तो बऱ्याच वर्षांत झालेला नव्हता. फोटो काढून झाल्यावरही ते थोडा वेळ पाण्यात तसेच उभे राहिले.

घरी येईपर्यंत हिशेब त्यांच्या डोक्यात शिरला. एक गाव खूश होते आणि अकरा गावे खवळली होती. त्यातून पक्षाची उमेदवारी ठरायला महिनाही उरला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी सभापती आणि अध्यक्ष एका गाडीतून उतरले. जिल्ह्यात एवढी एकजूट पूर आला तेव्हाही दिसली नव्हती.

"साहेब," सभापती म्हणाले, "आम्ही काय तुमचे शत्रू आहोत का? कालव्याचं पाणी कालव्यात ठेवायचं असतं का कधी?"

"त्या इंजिनिअरची बदली करा, आणि इथून पुढे असलं काही होणार नाही असं सर्वांसमोर सांगा," अध्यक्ष म्हणाले. "नाहीतर आम्हाला दुसरा माणूस बघावा लागेल. मोटारी भरणारे अजून दोघं आहेत बाजारात."

आमदारांना मनापासून भीती वाटली. पद गेले तर गाडी जाईल याची त्यांना पर्वा नव्हती. पण आपण खोलीत आल्यावर माणसे उठून उभी राहतात, याची त्यांना सवय झाली होती. दुकानात मोटारीपुढे उकिडवे बसलेल्या माणसासाठी कोणी उठत नाही, कारण तिथे सगळे आधीच उभे असतात. ते तडक स्वयंपाकघरात गेले.

"खरा फोन लावायची तुला काय गरज होती?"

"मग इतकी वर्षं आपण काय करत होतो?"

"लोकांचं समाधान."

"आणि त्या आजीचं? तिचे तळतळाट मी घेतलेत, तुम्ही नाही."

"तिच्या गावात मतं किती आहेत, माहीत आहे का तुला?"

"नाही. आपल्या शेताजवळचा पाईप किती मतांचा आहे, ते तेवढं सांगा मला."

आमदारांनी डोळे मिटले आणि "बघतो" असे म्हटले. वहिनींनी त्यांच्या हातात कांदे आणि सुरी दिली. घरात या शब्दाचा उपयोग झाला नाही अशी ही पहिलीच वेळ होती.

सभा बाजार समितीच्या लिलावाच्या शेडमध्ये भरली. अकरा गावे आली होती, बारावे गावही एका टेम्पोतून आले होते. बायकांच्या रांगेत पुढे वहिनी आणि आजी शेजारी शेजारी बसल्या होत्या. सभापतींनी प्रास्ताविक केले आणि सगळ्यांच्या वतीने मागणी मांडली, की साहेबांनी इथेच, सगळ्यांच्या देखत मुख्य अभियंत्याला फोन लावावा आणि चांगले खडसावावे. टाळ्या पडल्या. आमदारांनी फोन काढला. माईक समोर होता, हजार माणसे बघत होती, आणि अंगठा इतक्या वर्षांच्या सवयीने जायचा तिथेच गेला.

पहिल्या रांगेत वहिनींच्या पिशवीत फोन वाजला.

हजार माना तिकडे वळल्या. वहिनींनी पिशवीत हात घातला, फोन काढला, कानाला लावला आणि त्या उभ्या राहिल्या.

"बोला," त्या म्हणाल्या. "समोरच आहे मी."

आता आकाश कोसळणार, असे आमदारांना वाटले. पण कोणी ओरडले नाही, खुर्च्या फेकल्या नाहीत. मागून चहावाला उठला. आमदारांच्या घरासमोर त्याची टपरी आहे.

"साहेब, घाबरू नका," तो म्हणाला. "आम्हाला पहिल्यापासून माहीत आहे. आत बसलेल्याला तुमचं ऐकू येतं आणि बाहेर थांबलेल्याला खिडकीतून वहिनींचं. दोघं माझ्याकडे चहाला येतात, आणि अर्धं-अर्धं जोडून घेतात. ओटा कुठल्या दगडाचा केला, तेसुद्धा ठाऊक आहे सगळ्यांना."

सगळे हसले. तेही प्रेमाने हसले, हे आमदारांना खाली घातलेली मान वर केल्यावर नीट दिसले.

"मग तुम्ही येत का होता?" वहिनींनी विचारले. त्यांनी हे अजून फोनमध्येच विचारले आणि आमदारांचा फोन माईकपाशी होता, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेले.

पहिल्या गावचे एक काका सावकाश उठले. गावात त्यांच्या शब्दाला मान आहे.

"वहिनी, तुम्ही आमच्या घरच्यासारख्या, म्हणून स्पष्ट सांगतो. माणसाला गाऱ्हाणं सांगितल्याशिवाय करमत नाही. पण फोन खरा लागला तर चौकशी होणार, चौकशी झाली की आमचा पाईप निघणार. खोट्या फोनचा त्रास कोणालाच नव्हता. साहेबांनी फोन लावायचा, तुम्ही उचलायचा, आम्ही घरी जायचं, सगळं कसं सुरळीत होतं. तुम्ही विश्वासघात केलात, वहिनी. खरा फोन लावलात."

टाळ्यांचा कडकडाट झाला. पाईप नसलेले लोकही टाळ्या वाजवत होते. ते पाईप घेण्याच्या विचारात होते.

टाळ्या थांबल्यावर आजी उठली. तिला सभेत कोणी कधी बोलताना ऐकले नव्हते.

"मी टपरीवर चहा पीत नाही," ती म्हणाली. "मला कोणी सांगितलं नाही. साहेब, मी दर महिन्याला यायची ते वाहनाला हात करत करत, निम्मी वाट पायी. एवढंच सांगा, मला पाणी आलं ते तुमच्या फोननं आलं का?"

हजार माणसे आमदारांकडे पाहू लागली. खरे उत्तर एका शब्दाचे होते आणि ते त्यांच्या तोंडापर्यंत आले होते, हे त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवले पाहिजे. मग त्यांची नजर पहिल्या ओळीतल्या सभापतींवर पडली, शेजारच्या अध्यक्षांवर पडली.

"आजी," ते म्हणाले, "बघतो."

आजीने त्यांच्याकडे थोडा वेळ पाहिले आणि ती खाली बसली. आशीर्वाद दिला नाही. आमदारांना त्या क्षणी खोल कालव्यात उभे असल्यासारखे गार वाटले, पण शेडमध्ये त्यांच्या नावाचा जयजयकार सुरू झाला होता आणि हात वर करणे भाग होते.

पुढचे सगळे वर्तमानपत्रांत आलेच आहे. उमेदवारी मिळाली, आणि ते आतापर्यंतच्या सर्वाधिक मताधिक्याने निवडून आले. मुख्य अभियंत्याची बदली झाली. त्यासाठी आमदारांनी आयुष्यातला शेवटचा खरा फोन केला; बदलीचे फोन पहिल्या रिंगला उचलतात, हे त्यांना तेव्हा कळले. पाईप पुन्हा कालव्यात गेले. वहिनींनी मात्र सर्व पदांचा राजीनामा दिला आहे. आवर्तनाच्या दिवशी त्या प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन आजीबरोबर कालव्याच्या काठावर जाऊन बसतात. वहिनींच्या देखत पाईप सोडायचा लोकांना संकोच वाटतो, त्यामुळे त्या बसलेल्या असतात तोवर थोडेफार पाणी खाली जाते. आमदारांच्या शेताजवळचा पाईप एके दिवशी नाहीसा झाला. तो त्यांनी स्वतः, कोणी नाही असे बघून काढला. ही गोष्ट त्यांनी विरोधकांना कळू दिलेली नाही, कारण कळल्यास प्रामाणिकपणाचा आरोप होऊ शकतो आणि तो खोडून काढणे अवघड जाईल.

अडचण आहे ती सकाळची. खुर्च्या भरतात, चहा फिरतो, आमदार फोन काढतात आणि पलीकडे नुसती रिंग वाजत राहते. मुख्य अभियंत्याचे पद रिक्त आहे. ते भरण्यासाठी काही अटी ठरवण्यात आल्या आहेत. उमेदवाराने गाऱ्हाणे सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मधे न उठता ऐकून घ्यावे. हसायचे तिथे हसावे, हळहळायचे तिथे हळहळावे. "सगळे सारखेच हो," असे अधूनमधून म्हणावे. आणि त्यानंतर काहीही करू नये. शेवटच्या अटीवर तडजोड नाही. वहिनी तिथेच नापास झाल्या. जिल्ह्यात असा माणूस शोधून पाहिला, पण इथला प्रत्येकजण ऐकण्याऐवजी स्वतःचेच सांगू लागतो. बाहेरचाच कोणीतरी पाहावा लागणार होता.

आपण आजीचे हे सारे गाऱ्हाणे बसल्या जागी शेवटपर्यंत ऐकलेत. दोन-तीनदा हसलात, ती खाली बसली तेव्हा जीव जरासा चुकचुकला, आणि आता आपण पान उलटणार आहात. आपला नंबर साहेबांना कळवण्यात आला आहे. फोन सकाळी येईल. बोलायचे काही नाही, नुसते हो म्हणायचे.